पीडा पिणारा आंबा

रांग पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात मिठाची पुडी होती.

विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यावरून आत वळलं की पहिल्याच चौकात फुटपाथवर एक आंब्याचं झाड आहे. दसऱ्यापर्यंत त्याला कुणी विचारत नव्हतं. बुंध्याला टेकून स्कूटर लावायची, खोडावर ‘जागा भाड्याने देणे आहे’च्या पाट्या ठोकायच्या आणि उन्हाळ्यात पोरांनी दगड मारायचे, एवढाच काय तो लोकांचा त्याच्याशी संबंध. आता त्याच झाडापुढे लोक चपला काढून उभे होते. नऊवारीतल्या म्हाताऱ्या होत्या, दप्तरासकट आणलेली पोरं होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेले तरुण होते. एक बालरोगतज्ज्ञ हेल्मेट न काढताच रांगेत उभे होते. ओळख लपवायचा विचार असावा, पण पुण्यात हेल्मेट कोण घालतं, त्यामुळे सगळ्या रांगेत आधी तेच डोळ्यात भरत होते.

विधी सोपा होता. मीठ मुठीत घ्यायचं, दृष्ट काढतात तसं स्वतःवरून उतरवायचं आणि बुंध्याशी टाकायचं. मग वर बघत थांबायचं. थोड्या वेळानं एखादं पान गिरक्या घेत खाली यायचं. आंब्याचं झाड बारमाही हिरवं असतं, मार्गशीर्षात ते असं गळत नाही, हे चौकातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण हे गळत होतं, आणि त्यातच तर सगळी नवलाई होती.

पान पडलं की, दसऱ्याला झाडाखाली मांडव घालून बसलेले मीठमहाराज ते उचलायचे. पानाची कड करपल्यासारखी तपकिरी झालेली असायची. ती कड बोटानं दाखवत महाराज ध्वनिक्षेपकात बोलायचे.

“पाहा. कड जळली. म्हणजे काय जळलं? या माउलीवर कुणीतरी केलेली करणी जळली. भक्तहो, घरातल्या विजेला अर्थिंग लागतं की नाही? मग आयुष्याला नको? हे झाड तुमचं अर्थिंग आहे. तुमची निगेटिव्ह एनर्जी मिठात डाउनलोड होते, मीठ मुळात जातं, मूळ ती वर खेचतं आणि पानातून डिलीट. रीसायकल बिनमध्येसुद्धा राहत नाही.”

‘डिलीट’ म्हटल्यावर ओळखपत्रवाले माना डोलवायचे. आपल्या भाषेत बोलणारा संत त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

शर्मिला रामटेके हातात भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी होती. ती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. समोरच्या रांगेत तिचे दोन माजी विद्यार्थी होते, आणि त्यातल्या एकाला तिनं स्वतः बोर्डात नव्वदच्या वर गुण मिळवताना पाहिलं होतं. तो आता डोळे मिटून डोक्यावरून मीठ ओवाळत होता. तिला शिसारी आली. राग आला असता तर बरं वाटलं असतं, रागात निदान धग असते. ही नुसती किळस होती, आणि ती घेऊनच ती घरी गेली.

घर चौकापासून चौथं. खिडकीत नागोराव बसलेले. ते तिचे वडील, आणि तो आंबा त्यांनीच लावलेला. यवतमाळकडून येऊन खडकीच्या कारखान्यात लागल्यावर त्यांनी इथे छोटंसं घर बांधलं. तेव्हा हा चौक म्हणजे नुसता मुरूम होता. गावाहून आलेल्या रायवळ आंब्याची कोय त्यांनी घरासमोर न लावता चौकात लावली, कारण घरासमोरचं झाड एकाचं होतं आणि चौकातलं सगळ्यांचं. कारखान्यातून परत येताना ते सायकलीला डबा अडकवून पाणी आणायचे. पुढे रस्ता झाला, फुटपाथ झाला, महापालिकेनं खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे मारले, क्रमांक टाकला आणि झाड सरकारी झालं. नागोरावांना त्याचं काही वाटलं नाही. उलट आपला मुलगा नोकरीत कायम व्हावा तसा त्यांना आनंद झाला होता.

दोन महिन्यांपासून ते खिडकीतून त्या झाडाचं बोडकं होणं बघत होते.

“शेंड्याकडची फांदी पण गेली आज,” ते म्हणाले. “काहून मरून राहिलं गं ते? पाणी आहे, ऊन आहे, कीड मी पाहिली, कीड नाही.”

“मीठ, बाबा. मिठानं मरतंय. मुळाशी मीठ पडलं की झाडाला जमिनीतलं पाणी ओढता येत नाही. पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं ते. पानांच्या कडा आधी करपतात.”

“मग सांग ना लोकांले.”

“सांगितलं. आंबा हे फक्त निमित्त आहे, ताई, तुमची श्रद्धाच नाही, असं उत्तर मिळालं.”

तेवढ्यात दार उघडून अनिरुद्ध आत आला. तिचा धाकटा भाऊ, हिंजवडीच्या एका कंपनीत संगणक अभियंता. त्यानं आल्याआल्या हात धुतले, पण शर्टाच्या खांद्यावर जाड्या मिठाचे दोन-चार खडे राहिले होते. शर्मिलानं ते पाहिले. मग नागोरावांनीही पाहिले. भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची चौकट होती. लहानपणी दोघा भावंडांनी ती पाठ केली होती, आणि अनिरुद्धच जास्त खड्या आवाजात म्हणायचा.

“ताई, प्लीज लेक्चर नको,” तो म्हणाला. “दोनदा व्हिसा रिजेक्ट झाला. टीममधले सगळे परदेशी गेले, मी एकटा प्रोजेक्टविना बेंचवर बसतोय. माझा विश्वास-बिश्वास काही नाही. पण चिमूटभर मीठ टाकलं तर हार्म काय आहे?”

“हार्म तिकडे खिडकीतून दिसतोय,” शर्मिला म्हणाली. “बाबांच्या शेजारी बस आणि बघ.”

तो बसला नाही. नागोराव उठले, चौकटीवरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि आतल्या खोलीत गेले. अनिरुद्ध त्या रात्री जेवला नाही.

शर्मिलानं शिक्षकाला सुचावं तेच केलं. रोपवाटिकेतून आंब्याची दोन सारखी रोपं आणली, गॅलरीत शेजारीशेजारी ठेवली. एकाला नळाचं पाणी, दुसऱ्याला किराणा दुकानातल्या मिठाचं पाणी. काही दिवसांत दुसऱ्याची पानं कडेनं तपकिरी झाली आणि गळायला लागली, हुबेहूब चौकातल्यासारखी. दोन्ही कुंड्या उचलून ती थेट मांडवात गेली.

“हे मीठ वाण्याकडचं आहे,” तिनं लोकांना सांगितलं. “कुणावरून उतरवलेलं नाही. यात करणी नाही, पीडा नाही. तरी पानं जळली. झाड तुमची दुःखं घेत नाही. तुम्ही त्याला मीठ घालून मारताय.”

लोक पुढे सरकून कुंड्या बघायला लागले. मीठमहाराजांनी कुंडी हातात घेतली, पानं निरखली आणि मान हलवली.

“बाई, हे रोप कुठे ठेवलं होतं?”

“माझ्या घरी.”

“बघा भक्तहो,” महाराज ध्वनिक्षेपकात हळहळले. “यांच्या घरातली पीडा केवढी, की मंत्र न घालता, अनुष्ठान न करता बिचाऱ्या रोपानं ती ओढून घेतली. पहिलं रोप सुखरूप राहिलं, कारण दुसऱ्यानंच सगळं झेललं. बाई, रांगेत उभं राहायची खरी गरज तुम्हाला आहे.”

लोक हसले. तिचा नव्वदच्या वर गुणवाला विद्यार्थीही हसला. एका बाईनं तर त्या मरत्या रोपाला हात लावून नमस्कार केला. शर्मिला कुंड्या उचलून घरी आली. वर्षानुवर्षं ती ज्यांना प्रयोगात तुलनेसाठी दुसरी परीक्षानळी का ठेवायची ते शिकवत होती, ती ही माणसं. आपण आयुष्यभर फळा पुसण्याचीच नोकरी केली, असं तिला वाटलं.

तरी एक गोष्ट तिला खटकत होती. कुंडी आणि तीस वर्षांचं झाड यात फरक असतो. चिमटीचिमटीनं एवढ्या मोठ्या झाडाला त्रास होईल, पण ते इतक्या झपाट्यानं वाळणार नाही. ती उद्यान खात्यात गेली आणि तिथल्या वृक्ष निरीक्षकाला घेऊन आली. श्रीनिवास त्याचं नाव. तरुण, सडपातळ, बोलणं मोजकं.

त्यानं झाडाभोवती एक फेरी मारली. बुंध्याभोवती चकचकीत फरशीचा नवा पार होता. सिमेंट खोडाला अगदी भिडलेलं, मीठ टाकण्यापुरती फक्त वीतभर फट. पारावर सोनेरी अक्षरांत नाव होतं, ‘सौजन्य : हिंमतराव, कमल आर्केड’.

“पहिली चूक ही,” श्रीनिवास म्हणाला. “खोडाभोवती माती मोकळी हवी. मुळांनाही हवा लागते. हा पार आम्ही फोडणारच. दुसरं तुम्ही म्हणता ते. चिमटीनं हे होणार नाही. मुळांपर्यंत खाली जायला भरपूर खारं पाणी लागेल. इथे पाणी कोण घालतं?”

“अमावास्येला अभिषेक असतो. टँकर येतो.”

“टँकर कुणाचा?”

शर्मिलानं पारावरच्या सोनेरी अक्षरांकडे बोट केलं.

हिंमतरावांची कमल आर्केड त्या आंब्याच्या बरोबर मागे उभी राहत होती. खाली दुकानं, वर कार्यालयं, सगळी दर्शनी बाजू काचेची. त्या काचेपुढे आंबा यायचा, आणि तळघरात गाड्या उतरवायचा रस्ताही त्याच्याच बुंध्यापाशी यायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी झाड काढायला परवानगी मागितली होती. नियमाप्रमाणे झाडावर नोटीस लागली, हरकती मागवल्या, नागोरावांनी हरकत घेतली आणि परवानगी नाकारली गेली. त्यानंतर हिंमतराव एकदम भाविक झाले होते.

“मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता,” श्रीनिवास सावकाश म्हणाला. “झाड वाळलंय, धोकादायक आहे, गर्दीवर पडेल, तातडीनं काढा. हिरवं झाड काढायला दहा लोक आडवे येतात, मॅडम. वाळलेल्याला कुणी येत नाही. मला वाटलं, नागरिकांची काळजी वाटतेय त्यांना.”

“मग थांबवा तो टँकर.”

“कशाच्या जोरावर? अभिषेकाचं पाणी अडवलं तर मला इथून धड जाऊ देणार नाहीत. त्या पाण्यात मीठ आहे हे सगळ्यांसमोर दिसलं पाहिजे. नमुना मागितला तर ते देणार नाहीत.”

तो नमुना कसा मिळवायचा याचा विचार शर्मिला अमावास्येपर्यंत करत राहिली. तिला उपाय सुचला तो मात्र मांडवातच, आणि रसायनशास्त्राचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

अमावास्येच्या सकाळी चौक फुलून गेला होता. मांडवामागे टँकर उभा. हिंमतराव पांढऱ्या कुर्त्यात हात जोडून पहिल्या रांगेत. श्रीनिवास कडेला उभा होता. अनिरुद्धही आला होता, पण मीठ न घेता, आणि त्यानं बहिणीची नजर टाळली. सगळ्यात पुढे सोजरबाई बसल्या होत्या. धानोरीच्या या म्हाताऱ्या बाई महाराजांच्या पहिल्या भक्त. सुनेचं मूल राहत नव्हतं म्हणून त्या दसऱ्यापासून रोज चालत येत. मांडव झाडायचा मान त्यांचा होता.

महाराजांनी टँकरची नळी धरली. “तीर्थ सोडतोय,” असं म्हणत त्यांनी ती पाराच्या फटीत घातली. पाणी बदाबदा मुळाशी जायला लागलं. मंत्र चालू होते, लोकांनी डोळे मिटले होते. शर्मिला ते बघत होती आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की या मांडवात एक गोष्ट कधीच होत नाही. पुण्यात कुठेही पूजा असो, अभिषेक झाला की लोकांचे उजवे हात आपोआप पुढे येतात आणि पळीनं तीर्थ तळहातावर पडतं. इथे तीन अमावास्या झाल्या, पण तीर्थाचा थेंबही कुणाला मिळाला नव्हता.

ती पुढे गेली. तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि हात पुढे केला.

“महाराज, मागे माझं चुकलं. आज तीर्थ द्या.”

महाराज हसले. हरलेली बाई शरण आली, याचा त्यांना आनंद झाला होता.

“तुमची भावना पोचली, बाई. पण हे तीर्थ वृक्षदेवतेचं. माणसाला चालत नाही.”

“का?”

“यात तुमच्या सगळ्यांच्या पीडा उतरल्यात. पोटात गेल्या तर माणूस जळेल.”

“पीडा तर मिठातून मुळात जातात, असं आपणच सांगता,” शर्मिला म्हणाली. “मग झाडापर्यंत पोचायच्या आधी त्या टँकरमध्ये कशा शिरल्या?”

मागून कुणीतरी म्हणालं, “बरोबर आहे की.” दुसरं कुणीतरी त्याला गप्प बस म्हणालं. पण तीर्थाचा विषय निघाला होता आणि तो सोजरबाईंच्या कानांवर गेला होता.

“म्हाराज, तीर्थाबिगर अभिषेक कसला वो?” त्या उठल्या. “आमच्या गावात गुरवसुदिक तीर्थ देतो. तीन म्हैनं झालं मी झाडलोट करते हितं. थेंब तरी पडू द्या जिभंवर. जळलं तर जळलं, म्हातारं हाड हाय.”

“आजी, थांबा. आजी, नको.”

महाराजांनी नळी मागे ओढली, पण त्या धडपडीत ती फटीतून निसटली आणि पाणी पारावरून वाहायला लागलं. सोजरबाईंचा उजवा हात तेवढ्यात खाली गेला. आयुष्यभराच्या सवयीनं तळहाताची वाटी झाली, डावा हात त्याखाली गेला, पाणी ओठांना लागलं आणि उरलेला ओला हात डोक्यावरून फिरला. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला. त्या पाराच्या कडेला वाकल्या आणि थुंकल्या.

“खारट,” त्या म्हणाल्या. “नुसतं मीठ हाय ह्यात. गुरांच्या तोंडाला लावायचं नाही असलं पानी.”

मग बालरोगतज्ज्ञांनी हेल्मेटची काच वर केली, बोट बुडवलं आणि चाखलं. नंतर प्रत्येकाला चाखायचं होतं. मघाशी मीठ टाकायला जी रांग लागली होती तीच आता मीठ ओळखायला लागली. एकेक जण चाखत होता, थुंकत होता आणि मागच्याला सांगत होता, आणि मागचा ते खरं मानायला तयार नव्हता, त्यालाही स्वतः चाखायचं होतं. शर्मिलाला वाटलं, हा एवढाच हट्ट या लोकांनी दसऱ्याला धरला असता तर.

श्रीनिवास टँकरपाशी गेला आणि त्यानं चालकाला खाली बोलावलं.

“पाणी कुठलं भरलंस?”

“पाणी बोअरचंच आहे, साहेब,” चालक घाबरून म्हणाला. “साइटवर मिठाची पोती येतात, ती टँकरमध्ये ओतून ढवळायची. मालक म्हणाले, देवाचं काम आहे, कुणाला सांगायचं नाही.”

“कुठले मालक?”

चालकानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. हिंमतरावांचे जोडलेले हात अजून जोडलेलेच होते, ते सोडायचं त्यांना सुचलं नव्हतं.

पुढचं झटपट झालं. मीठमहाराज मांडवामागे लघुशंकेला जातो म्हणून गेले ते परत आले नाहीत. त्यांचा ध्वनिक्षेपक चालूच राहिला होता, त्यातून नुसती खरखर येत होती. हिंमतरावांभोवती माणसं जमली. ते म्हणाले, मलाही फसवलं, मीसुद्धा तुमच्यासारखाच श्रद्धाळू. पोलीस येईपर्यंत ते हेच म्हणत राहिले. आणि गर्दीत जो तो एकमेकांना सांगत होता, मला आधीपासूनच संशय होता. शर्मिलाच्या त्या विद्यार्थ्यानं तर तिला गाठून सांगितलं, “मॅम, तुमचा एक्स्परिमेंट मला तेव्हाच पटला होता.”

“मग हसलास का?” तिनं विचारलं.

“सगळे हसत होते, मॅम.”

एवढं खरं उत्तर त्या चौकात तीन महिन्यांत कुणी दिलं नव्हतं. तिला त्या क्षणी महाराजांपेक्षा या पोराची जास्त किळस आली. महाराज निदान पोटासाठी खोटं बोलत होता. याच्याकडे डोकं होतं, शिक्षण होतं, समोर दोन कुंड्या होत्या, आणि यानं ते सगळं बाजूला ठेवून शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं. झाड मारायला हिंमतरावांना कुऱ्हाड लागली नाही. तुमच्या-आमच्यासारखी शेकडो माणसं पुडी घेऊन रांगेत उभी राहिली, आणि काम फुकटात झालं.

दुसऱ्या दिवशी उद्यान खात्याची माणसं आली. त्यांनी पार फोडला, सोनेरी अक्षरांसकट. खोडाभोवतीची खारी माती खणून ट्रकमध्ये भरली, नवी माती आणि खारेपणा मोडायला जिप्सम घातलं, मुळाशी गोडं पाणी सोडून खालचं मीठ धुवायला सुरुवात केली. वाळलेल्या फांद्या कापल्या आणि कापाच्या जागी लेप लावला. खोडात ठोकलेले पाट्यांचे खिळे एकेक करून उपटले. अर्ध्याहून जास्त झाड कापावं लागलं. नागोराव खुर्ची टाकून दिवसभर समोर बसले होते.

“जगेल का?” त्यांनी श्रीनिवासला विचारलं.

“आजोबा, खोटं सांगणार नाही. पूर्वेकडची बाजू गेली. पश्चिमेकडच्या फांदीत ओल आहे. रोज पाणी लागेल. आमचा टँकर आठवड्यातून दोनदाच येऊ शकतो.”

“बाकीच्या दिवशी मी आणेन,” अनिरुद्ध म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला ते कुणाला कळलं नव्हतं. नागोरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून जुना डबा काढून, धुऊन दाराशी ठेवला. अनिरुद्धनं तो उचलला. त्याचा व्हिसा तिसऱ्यांदाही नाकारला गेला, आणि त्या दिवशीही त्यानं डबा भरला.

होळी झाली आणि पश्चिमेच्या फांदीला तांबूस पालवी फुटली. शर्मिला कॉलेजला निघाली होती. पालवी दिसली तशी ती थांबली. मग तिची नजर खाली गेली. खोडाला हळदकुंकू लावलेलं होतं. बुंध्याला लाल दोरा गुंडाळला होता, आणि दोन बायका हात जोडून एकमेकींना सांगत होत्या की देवता परत आली, आता हिचा कौल आणखी कडक असणार.

तिनं दोरा हिसडून काढला.

“देवता आलेली नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता, पण ती थांबली नाही. “माती बदलली, मीठ धुतलं, माझ्या भावानं रोज पाणी घातलं, म्हणून पालवी आली. यात कळायला अवघड काय आहे? झाडाला पाणी हवं, माती हवी, खोडाभोवती मोकळी जागा हवी. तुमची दुःखं त्याला नको आहेत. व्हिसा हवा तर वकिलाकडे जा, मूल हवं तर डॉक्टरकडे जा. कुणी काही ओत म्हटलं, तर त्यात काय आहे ते आधी विचारा. आणि सांगितलं नाही तर स्वतः बघा. देवानं, निसर्गानं, ज्यानं दिली म्हणायची असेल त्यानं म्हणा, पण तोंडात जीभ सगळ्यांना दिलेली आहे.”

बायका पदर सावरत निघून गेल्या. त्यांना पटलं नव्हतं, हे त्यांच्या पाठीकडे बघूनही कळत होतं. शर्मिला दोरा मुठीत धरून उभी राहिली.

तेवढ्यात धानोरीच्या बाजूनं सोजरबाई आल्या. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. शर्मिलाच्या कपाळाला आठी पडली. आता ही म्हातारी ओवाळणार, मंत्र म्हणणार, पुन्हा पहिल्यापासून सगळं. तिनं तोंड उघडलं, पण सोजरबाईंनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

“सुनंला दवाखान्यात दावलं, मास्तरीणबाई,” त्या चालता चालता म्हणाल्या. “रगात कमी हाय म्हनाला डाक्टर. गोळ्या दिल्यात.”

त्या झाडापाशी थांबल्या. ओतण्याआधी त्यांनी तांब्यातलं थोडं पाणी तळहातावर घेतलं आणि चाखलं.

“गोडं हाय,” असं म्हणून त्यांनी तांब्या मुळाशी रिकामा केला आणि त्या आल्या वाटेनं परत गेल्या.